पिवळी, दोन माणसांची

वाशीला, सेक्टर सतराच्या कोपऱ्यावर
आमची शोरूम होती; आता तिथे सोनं तारण ठेवतात.
काचेमागे ती उभी असायची
हळदीत बुडवून काढल्यासारखी,
छप्पर नाही, मागची सीट नाही,
दारं इतकी बुटकी की आत बसताना
जुन्या देवळात शिरावं तसं वाकायला लागायचं.

मी टाय बांधून तिच्या शेजारी.
अडीच वर्षं.

लोक यायचे. काय यायचे!
रविवारी काचेवर नाकांचे ठसे,
ते पुसायला बबनने वेगळं फडकं ठेवलं होतं.
नेरूळचे एक बँकवाले, सहस्रबुद्धे,
सलग नऊ रविवार आले,
दर वेळी बोनेटवरून हात फिरवून
नुसतं "वा" म्हणाले,
आणि दहाव्या रविवारी
बाहेर नवी पांढरी गाडी, हार घातलेली,
चार दारांची, डिझेल,
तिचे पेढे द्यायला आत आले.
"मन हिच्यातच आहे हो," म्हणाले.
मी पेढा खाल्ला.

सगळ्यांचे प्रश्न मला पाठ होते.
ॲव्हरेज काय देते. आई कुठे बसेल.
पावसात काय करायचं.
विकायला काढली तर घेईल कोण.
याला उत्तर नव्हतं,
कारण पहिलाच कोणी घेत नव्हता.

एका मंगळवारी, भर दुपारी, एसी बंद असताना
हिराजी मढवी आले, घणसोली गावातले.
चपला बाहेर काढून.
बगलेत साडेबारा टक्क्यांची फाईल,
तळहातांना मिठागराच्या जुन्या भेगा.
गाडीभोवती एकच फेरी मारली,
मग वाकून नखानं ठोकलं,
माठ घेताना ठोकतात तसं.
"ह्यो पत्रा नाय."
फायबर आहे काका, मी म्हणालो.
"मंग ही गारी गंजंल का?"

अडीच वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
कंपनीच्या कागदांतही कुठे नव्हतं.
नाही, म्हणालो. अंग तरी नाही गंजणार.

ते खाली फरशीवरच बसले.
खाडीवर लोखंड टिकत नाही, सांगू लागले.
बापाची सायकल दोन वर्षांत भुगा.
दाराची कडी, फावडं, लग्नातली ट्रंक.
बायकोच्या शिवणयंत्राचं चाक तर
एका सकाळी नुसतं तिच्या हातात आलं.
"मिठानं आमचं समदं खाल्लं.
हिला खानार नाय. हीच दे."
दोनच माणसं बसतात, मी सांगून टाकलं.
"आमी दोगंच हाव. पोरं ठान्याला गेली."

नोटा मोजायला बबनसकट तिघे लागलो.
मी विकलेली तेवढी एक.
पुढच्या दिवाळीआधी शटर पडलं.

परवा घणसोलीला गेलो होतो.
हल्ली मी पाण्याचे फिल्टर विकतो.
तळ्याच्या काठी, टॉवरच्या सावलीत, ती.
खालचा सांगाडा, चाकांचे नट, स्टिअरिंगचा दांडा
सगळं तांबूस, बोट लावलं की गळणारं.
वरून तशीच. हळदीची.
दोन्ही सीटांवर जवळा वाळत घातलेला,
राखणीला एक सत्तरीच्या बाई, हातात काठी,
मांजरांवर नजर.
"फोटो काराचा तं कार," म्हणाल्या,
"समदी कारतान."

फोटो नाही काढला. नखानं ठोकून पाहिलं.
"त्ये गेले, दोन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "ही हाय."

काय बोलावं कळेना
आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं
माझ्याच तोंडून निघून गेलं:
ॲव्हरेज काय द्यायची हो?

बाई हसल्या. काठी खाली ठेवली.
"कुनी मोजलंय?
रातचे पाम बीचला जावाचो,
पदर दातान धरून."